‘नॉर्मल’ रिपोर्टनंतरचे पंधरा दिवस

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याच्या पायथ्याचे, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर ओळखले जाणारे गाव. अशा गावातल्या एखाद्या बाईचे बाळंतपण सातव्या महिन्यातच झाले, तर पुढच्या काही तासांत तिचे बाळ धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत असते. बाहेर बसलेल्या आजी-मावश्यांचे प्रश्न ठरलेले असतात: वजन किती भरले, श्वास नीट घेतो का, दूध कधी सुरू करणार. प्रश्न अगदी रास्त आहेत, कारण पहिल्या आठवड्यात बाळाचे जगणे यांवरच अवलंबून असते. थायरॉईडचा विषय निघालाच तर ‘ती तपासणी झाली, नॉर्मल आहे’ एवढ्यावर मिटतो. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाला हे उत्तर बहुतेक वेळा पुरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे. अशा बाळाचे रक्त दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासलेच पाहिजे. मात्र मधल्या काळात एखाद्या रिपोर्टमध्ये थायरॉईडचे संप्रेरक कमी दिसले म्हणून लगेच गोळी सुरू करण्याची घाईही नको. तपासण्या वाढवा आणि औषधाला हात आखडता ठेवा, ही दोन्ही म्हणणी परस्परविरोधी वाटतील. पण ती निघतात एकाच माहितीतून.

ती माहिती पोटातल्या दिवसांपासून सुरू होते. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, तयार करते. वाढत्या मेंदूतल्या पेशींनी आपापल्या जागी जावे, त्यांचे धागे एकमेकांना जोडले जावेत, त्या धाग्यांवर आवरण चढावे, यासाठी ते लागते. रक्तात ते कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि थायरॉईडला कामाला लावते. म्हणून वाढलेले टीएसएच ही थायरॉईड कमी पडत असल्याची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. गर्भाची ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आयोडीन ओढू लागते, पण तिचे काम जोर धरते ते गरोदरपणाच्या उत्तरार्धात. तोवरचा, आणि पुढेही बराचसा, पुरवठा आईचा असतो. तो वारेतून येतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1989 साली हे स्पष्ट दाखवले. ज्या बाळांची स्वतःची ग्रंथी थायरॉक्सिन बनवूच शकत नव्हती, त्यांच्या नाळेच्या रक्तातही नेहमीच्या पातळीच्या निम्म्यापर्यंत जाईल इतके थायरॉक्सिन सापडले. ते सगळे आईकडून आलेले होते. सातव्या महिन्याचे बाळ जगते आणि आठव्याचे जगत नाही, असा समज आपल्याकडे अजून कानावर येतो. शरीराला असा हिशोब माहीत नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आणि त्यात आईकडून मिळणारे हे थायरॉक्सिनही आले.

पूर्ण दिवसांचे बाळ बाहेरच्या गारव्यात येते, तेव्हा अर्ध्या तासात त्याचे टीएसएच 60 ते 80 मिलियुनिटपर्यंत उसळते. त्या धक्क्याने ग्रंथी जोमाने काम करते, दीड दिवसात थायरॉक्सिन भरपूर वाढते आणि मग दोन्ही पातळ्या हळूहळू खाली येतात. म्हणूनच तपासणीसाठी एक तर नाळेचे रक्त घेतात, नाही तर जन्मानंतर किमान 48 तास थांबून टाचेचे. तिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या बाळात हा क्रमच मोडतो. टीएसएचची उसळी तोकडी पडते. थायरॉक्सिन वाढण्याऐवजी घसरत जाते आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात तळ गाठते. कारणे एकावर एक साचलेली असतात. आईचा पुरवठा एका क्षणात तुटलेला असतो. पिट्युटरीचा इशारा क्षीण असतो. ग्रंथीत आयोडीनचा साठा जेमतेम असतो, आणि थायरॉक्सिन वाहून नेणारे प्रथिन यकृत अजून पुरेसे बनवत नसते. त्यात श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग आणि रक्तदाब सावरण्यासाठी दिलेले डोपामिन किंवा स्टिरॉइड असते. ही औषधे टीएसएचला आणखी दाबून टाकतात. त्यामुळे थायरॉक्सिन कमी, पण टीएसएच मात्र वाढलेले नाही, असे चित्र दिसते. फार लवकर जन्मलेल्या बाळांत ते इतके सर्रास आढळते की त्याला आजार म्हणावे की त्या वयाची अवस्था, यावर डॉक्टरांत दीर्घकाळ वाद झाला. बहुतेक बाळांत काही आठवड्यांत पातळी आपोआप वर येते.

वाद उगाच नव्हता. 1996 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी भागातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 33 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या 463 मुलांत, ज्यांचे थायरॉक्सिन जन्मानंतर फारच घसरले होते त्यांच्यात मेंदूच्या इजेमुळे येणाऱ्या अपंगत्वाचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे, प्रमाण सुमारे चौपट निघाले आणि दुसऱ्या वर्षी बौद्धिक वाढीचे गुणही कमी भरले. हे वाचून कोणालाही वाटेल, की कमी आहे तर भरून काढा. गोळी स्वस्त, जुनी, ओळखीची, थांबायचे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमहून आले. तिथे 30 आठवड्यांच्या आतल्या 200 बाळांपैकी निम्म्यांना सहा आठवडे थायरॉक्सिन आणि निम्म्यांना बिनऔषधी द्रव दिला गेला; कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी तपासले तर दोन्ही गटांत एकंदर फरक नव्हता. वेगवेगळ्या वयांचे आकडे पाहिल्यावर 27 आठवड्यांच्या आतल्या बाळांना फायदा झालासा वाटला, तर त्याहून मोठ्या बाळांचे गुण उलट घटलेले दिसले. म्हणजे ज्या मुलांना औषधाची गरज नव्हती, त्यांना ते निरुपद्रवी ठरले असे म्हणता येत नव्हते. इंग्लंडमध्ये पुढे 28 आठवड्यांच्या आतल्या 153 बाळांवर झालेल्या चाचणीतही मेंदूच्या वाढीत फरक पडला नाही. आयोडीन देऊन पाहण्याचा प्रयोगही तिथेच झाला. त्यात 31 आठवड्यांच्या आतली 1,273 बाळे होती, आणि दोन वर्षांनंतरचा निष्कर्ष तोच: फरक नाही. जपानमधून तर थायरॉक्सिन सुरू केल्यावर काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा रक्तदाब अचानक कोसळल्याच्या नोंदी आल्या.

यातून मला जे दिसते ते असे. अतिशय आजारी, अतिशय लहान बाळाचे थायरॉक्सिन जास्त घसरते आणि त्याच बाळाच्या मेंदूला ऑक्सिजनच्या कमतरतेची, रक्तस्रावाची झळही जास्त बसते. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. आणि औषध देऊनही निकाल बदलला नाही, हे त्याचेच बोलके चिन्ह आहे. यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चाचण्यांतली बाळे थोडी होती, मात्रा कदाचित चुकीची होती, 27 आठवड्यांच्या आतल्या बाळांना खरोखर फायदा होत असेल तर ‘देऊ नका’ म्हणणे अन्याय ठरेल. हे मान्य. पण तेवढ्या लहान बाळांसाठी हा निर्णय अतिदक्षता विभागातल्या तज्ज्ञांनी बाळागणिक घ्यायचा आहे. सरसकट औषध देण्याइतका पुरावा आजही नाही. रिपोर्टवर टी-फोरच्या आकड्याशेजारी छापलेला लाल बाण पाहून घरच्यांनी धास्तावू नये, आणि गावातल्या औषध दुकानातून गोळी आणून तर मुळीच सुरू करू नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या भागात याच बाजूकडे जास्त दुर्लक्ष होते. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांची ग्रंथी खरोखरच कमी पडत असते, पण पिट्युटरी कच्ची असल्यामुळे पहिल्या आठवड्यात टीएसएच वाढतच नाही. पहिला रिपोर्ट नॉर्मल येतो. टीएसएच वाढते ते दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत, पिट्युटरी परिपक्व झाल्यावर. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात सुमारे 92,800 जन्मांची पाहणी झाली. टीएसएच असे उशिरा वाढण्याचे प्रमाण एक किलोच्या आतल्या बाळांत दर 58 मागे एक, दीड किलोच्या आतल्यांत दर 95 मागे एक, आणि त्याहून वजनदार बाळांत दर 30,329 मागे एक इतके निघाले. हे तीन आकडे शेजारी ठेवले की सगळ्या बाळांना एकच नियम का चालत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. भारतातल्या बालअंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 च्या आपल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक नवजात बाळाची एकदा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पुन्हा तपासणी करावी असे स्पष्ट म्हटले आहे.

बाळाकडे बघून कळणार नाही का, असे कोणी विचारेल. पूर्ण दिवसांच्या बाळातही बहुधा कळत नाही. जी लक्षणे पुस्तकात आहेत ती उशिरा उमटतात: लांबलेली कावीळ, सुस्ती, दूध ओढताना थकणे, घट्ट शौच, घोगरे रडणे, फुगलेली बेंबी, बाहेर डोकावणारी जीभ. त्यातली निम्मी लक्षणे अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळात तशीही असतातच. कावीळ त्याला होतेच, ते झोपतेच, दूध हळू पितेच. ‘किती शांत बाळ आहे, रडतसुद्धा नाही’ असे घरात कौतुकाने म्हटले जाते, आणि त्या कौतुकाखाली आजार आठवडेच्या आठवडे दडून राहू शकतो. दडण्याची किंमत काय, हे तपासणी सुरू होण्याआधीच्या काळातल्या एका जुन्या अभ्यासाने दाखवून ठेवले आहे. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांत जन्मजात थायरॉईड कमी असलेल्या ज्या मुलांचे उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झाले त्यांचा सरासरी बुद्ध्यांक 89 होता, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा 70, आणि त्यानंतर सुरू झालेल्यांचा 54. उपचार तिन्ही गटांना तेच मिळाले, फक्त उशीर वेगवेगळा होता. आता टाचेच्या रक्तावर वेळेत निदान करून पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बहुसंख्य मुले इतर मुलांसारखीच शिकतात.

एक कारण मात्र आपणच बाळाला लावतो, आणि ते टाळता येते. जखमेवर किंवा ऑपरेशनआधी लावायचे तपकिरी पोव्हिडोन आयोडीन प्रत्येक दवाखान्यात असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की तिच्यातून आयोडीन सहज आत शिरते. मोठ्या माणसाच्या ग्रंथीला आयोडीनचा अचानक पूर आला तर ती काही दिवस काम आखडते आणि मग पुन्हा सुरू होते. त्या बाळाच्या कच्च्या ग्रंथीला हे पुन्हा सुरू होणे जमत नाही आणि ती बंदच पडून राहते. शिरेत बारीक नळी घालण्यापूर्वी किंवा बेंबीवर असे औषध चोपडले गेले असेल तर त्या बाळाची दुसरी तपासणी अधिकच अगत्याची होते. याला पर्यायी जंतुनाशके आहेत, आणि बेंबी कोरडी ठेवणे हीच तर आपल्या आरोग्यसेवेची शिकवण आहे. उलट आईच्या आहारात आयोडीन कमी पडणेही तितकेच वाईट. देशात आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर 2006 पासून बंदी आहे, पण मीठ उघड्या बरणीत, चुलीच्या धगीजवळ ठेवले तर त्यातले आयोडीन उडून जाते. आयोडीन आईच्या मिठात हवे, बाळाच्या कातडीवर नको.

महाराष्ट्राला ही तपासणी परकी नाही. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी 1980 च्या दशकातच नवजात बाळांच्या थायरॉईडची तपासणी सुरू केली आणि मुंबईत दर 2,640 बाळांमागे एकाला हा आजार असल्याचा आकडा पुढे आला. जगाच्या तेव्हाच्या सरासरीपेक्षा तो जास्त होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुढे मुंबईसह पाच शहरांत लाखभर बाळे तपासली, तेव्हा प्रमाण दर 1,130 मागे एक असे निघाले. शेजारच्या गोव्याने 2008 साली राज्यभर नवजात तपासणी सुरू केली. म्हणजे आजार आपल्याकडे जास्त आहे, तपासायचे कसे हे ठाऊक आहे, आणि शेजारी करून दाखवलेले आहे. तरीही 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला, त्याच्या तीस आजारांच्या यादीत हा आजार ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदला गेला. इतक्या स्वस्तात टळणारे मतिमंदत्व ऐच्छिक कसे असू शकते, हे मला पटत नाही. 2020 साली भारतात सुमारे 30 लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली. जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्या बाळांसाठी तरी हा शब्द खोडला पाहिजे.

खर्चाचा आक्षेप मी फारसा मोठा मानत नाही. टीएसएचची एक तपासणी खासगी प्रयोगशाळेतही काही शे रुपयांत होते आणि अपंग मुलाला आयुष्यभर सांभाळण्यापुढे ती रक्कम नगण्य आहे. एवढ्याशा जिवाचे किती रक्त काढायचे, या काळजीत तथ्य आहे. पण काचेच्या पेटीतल्या बाळाचे रक्त इतर कारणांनी घेतलेच जाते, त्यातलेच काही थेंब पुरतात. खरी अडचण वेगळी आहे: त्या तारखेला बाळ असते कुठे? एक किलोचे बाळ चौथ्या आठवड्यातही रुग्णालयातच असते, त्याचे दुसरे रक्त तिथेच घेता येते. निसटते ते चौतीस आठवड्यांचे, पावणेदोन किलोचे बाळ. ते दहाव्या दिवशी घरी जाते, तेही बहुधा सासरी नव्हे, आईच्या माहेरी, म्हणजे कधी शिंदखेड्याकडे, कधी शिरपूरकडे. कधी मधेच धुळ्याहून नाशिकला हलवलेले असते आणि दोन्ही रुग्णालयांना वाटते की तपासणी दुसऱ्याने केली. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे एक माणूस दारात येत असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात सेवेने बालमृत्यू किती घटतात हे 1999 साली जगाला दाखवले, आणि 2011 पासून त्याच धर्तीवर देशभर आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दुसऱ्या तपासणीची मुदत या भेटींच्या मधोमध पडते. आशाताईंवर आधीच कामाचा बोजा आहे आणि मोबदला अपुरा आहे, हे खरे. म्हणून रक्त त्यांनी घ्यावे असे मी म्हणत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘थायरॉईड दुसरी तपासणी’ आणि पुढे तारीख एवढे रुग्णालयाने लिहावे, कार्ड माहेरच्या गावच्या आशाताईला दाखवावे, आणि तिने त्या तारखेला विचारावे. इतके झाले तरी निसटणारी बरीच बाळे हाती लागतील.

तपासणी अशी होते: टाच कोमट कपड्याने शेकतात, कडेच्या मांसल भागावर बारीक टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचा थेंब जाड शोषकागदावरच्या छापील वर्तुळाला टेकवतात. रक्त मागच्या बाजूलाही उमटले म्हणजे वर्तुळ भरले. कागद काही तास आडवा ठेवून सावलीत वाळवला की साध्या टपालानेही प्रयोगशाळेत जाऊ शकतो. म्हणूनच ही पद्धत जगभरच्या खेड्यांत पोचली. टीएसएच जास्त आल्यास शिरेतल्या रक्तावर खात्री करून थायरॉक्सिन सुरू करतात, दिवसाला दर किलो वजनामागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम. दीड किलोच्या बाळाला म्हणजे 25 मायक्रोग्रॅमच्या एका गोळीहूनही थोडे कमी. गोळी चमच्यात कुस्करून दोन-चार थेंब आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून देतात. दुधाच्या भरल्या बाटलीत टाकू नये, बाळाने सगळे न प्यायल्यास मात्रा अर्धवट जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंबही चालू असतात आणि ते थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात, म्हणून दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते. ही गोष्ट डिस्चार्जच्या गडबडीत अनेकदा सांगायची राहते; घरच्यांनी आपणहून विचारावी.

शेवटचा आक्षेप असा, की यातल्या बऱ्याच बाळांची ग्रंथी पुढे आपोआप सुधारते, मग त्यांना उगाच रुग्ण का करायचे? सुधारते हे खरे आहे. पण कोणाची सुधारेल हे पहिल्या महिन्यात ओळखता येत नाही, आणि मेंदूची वाढ तोवर थांबून राहत नाही. म्हणून टीएसएच स्पष्टपणे वाढलेले असेल तर उपचार करायचे आणि ग्रंथी जागेवर असेल तर साधारण तिसऱ्या वर्षी, मेंदूच्या वाढीचा नाजूक काळ ओसरल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनाभर गोळी थांबवून टीएसएच पुन्हा बघायचे. ते नॉर्मल राहिले तर गोळी सुटते. त्या दिवशी पहिल्या दोन तपासण्यांचे आकडे, त्यांच्या तारखा, तेव्हा चालू असलेली औषधे आणि आयोडीन लावले होते की नाही, एवढे फाइलमध्ये लिहिलेले असेल तर तीन वर्षांपूर्वी नेमके काय बिघडले होते हे डॉक्टरांना नीट सांगता येते.